भिंतीवरचं ऊन

१

आईला समुद्र बघायचा होता. बघून झाला, आणि त्यानंतर दोन दिवस ती मलाच बोल लावत होती.

चौऱ्याहत्तर सालचा माघ महिना. मुंबईला मामेबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. ते उरकल्यावर आई म्हणाली, "इतक्या लांब आलोय तर बोटीतनं जाऊ की." साताऱ्याला परत जाण्याशी बोटीचा काय संबंध, हे मी तिला कागदावर नकाशा काढून समजावलं. तिनं नकाशा नीट बघितला. "म्हंजे जरा वळसा पडतोय, एवढंच न्हवं?" असं म्हणून तिनं विषय संपवला. भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट, पुढे मडगाव, मडगावहून छोट्या लाईनच्या गाडीनं मिरज, आणि मिरजेहून मोठ्या लाईनच्या गाडीनं सातारा, असा तो वळसा होता. एसटीचा प्रवास आईला सोसत नसे. बोटीचा त्याहून सोसत नाही, हे किनारा दिसत होता तोवरच कळलं.

आम्ही जैन, मूळचे जत तालुक्यातले. माझं कापडाचं दुकान साताऱ्यात म्हणून आता साताऱ्याचे. सूर्य मावळल्यावर उजाडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा आईचा नेम होता. आमच्यात पुष्कळांचा असतो, पण त्यात थोड्याफार सवलती असतात. आईच्या नेमात सवलत नव्हती. माझे वडील गेले त्या संध्याकाळी बायका तिला बळेबळे पाणी पाजायला आल्या, तेव्हा तिनं पेला हातात घेऊन आधी दाराबाहेर उजेड बघितला होता. शिवाय हॉटेलातलं चालत नाही, न गाळलेलं पाणी चालत नाही, आणि ताटात वाढलेलं टाकून उठणं तर मुळीच चालत नाही. जेवण झालं की ती ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकी. लहानपणी चारचौघांत मला त्याची लाज वाटायची.

बरोबर घेतलेल्या दशम्या बोटीत तिच्या पोटात टिकल्या नाहीत. मडगावात तिनं एक केळं खाल्लं आणि गाडीत नुसती डोळे मिटून बसून राहिली. तिला मधुमेह होता. पोट रिकामं ठेवलंत तर एक दिवस बसल्या जागी कोसळाल, असं डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर बजावलं होतं. मिरजेला उतरताना तिनं सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला होता.

साताऱ्याची गाडी रात्रीची होती. मधला सगळा वेळ मिरजेत काढायचा होता, आणि त्या वेळात, दिवस मावळायच्या आत, आईच्या पोटात घरचं चार घास अन्न जायला हवं होतं. नाहीतर आणखी एक रात्र तिला कोरडी काढावी लागली असती, आणि ती काढता येईल असं मला वाटत नव्हतं.

२

मी निर्धास्त होतो, कारण आदगोंडा मिरजेत होता. आदगोंडा हळदीचा व्यापारी, आमच्याच नात्यातला, आणि पाहुणा आला की गल्लीला ऐकू जाईल असा आनंद होणारा माणूस. सामान स्टेशनवर ठेवलं, वेटिंग रूममध्ये आई जरा पडली, तेवढ्यात मी बाहेर जाऊन गरम कांदाभजी खाऊन आलो. आईला वासावरून कळलंच. "कांदा," एवढंच म्हणाली.

ऊन उतरल्यावर निघालो. आदगोंडाकडे लवकर जाऊन त्याच्या बायकोची धांदल करायची नाही, म्हणून वाटेत जरा वेळ काढला. सतारी करणाऱ्यांच्या दुकानांसमोर आईला थांबवलं. आत माणूस भोपळ्याला रंग देत बसला होता. आईनं विचारलं, "ह्यो भोपळा खायाचा न्हाई व्हय?" तो हसला. मीही हसलो. मग आदगोंडाच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप.

"बाहुबलीला गेल्यात सगळी," शेजारीण म्हणाली. "उद्या येतील."

मी वर बघितलं. सूर्य घरांच्या कौलांपर्यंत आला होता. आई ओट्यावर टेकली आणि तिनं पदरानं कपाळ पुसलं. घाम यावा अशी हवा नव्हती. मला स्वतःचा भयंकर राग आला. भोपळे कसले बघत बसलो होतो मी.

कोपऱ्यावर एक टांगा उभा होता. टांगेवाल्याचं नाव नानासो. मी त्याला विचारलं, "इथं कुणा जैनाचं घर आहे का, आत्ता जेवू घालील असं?"

"हाय की," तो म्हणाला. "बस्तीच्या देवळामागं, बोळात. गाडी बदलणारी तुमची मानसं तितंच जेवत्यात. लय येळा सोडलंय म्या."

आईला टांग्यात बसवलं. घोडा दुडक्या चालीनं निघाला. बोलायचं म्हणून मी विचारलं, "परत न्यायला केव्हा येशील? आमची रात्रीची गाडी आहे."

"परत न्यायला मला कवा कुनी बोलावलं न्हाई," नानासो म्हणाला. "टेसन जवळ हाय. जात असत्याल चालत."

स्टेशन जवळ नव्हतं. पण त्या वेळी माझं लक्ष उन्हाकडे होतं.

३

बोळाच्या टोकाला एक साधं कौलारू घर होतं. दारात चपलांचा ढीग होता. वहाणा, कोल्हापुरी, एक बुटांचा जोड, लाकडी खडावासुद्धा. काहींवर इतकी धूळ होती की कातड्याचा रंग कळत नव्हता. पुष्कळ पाहुणे दिसतात, म्हणजे जेवण तयार असणार, असा मी सरळ विचार केला.

आम्ही पायरीशी पोचतो तोच एक बाई आतून आली. आईच्याच वयाची, फिकट नऊवारी, कपाळावर चंदनाचा ठिपका. कोण, कुठले, काही विचारलं नाही. "या. दिस हाय अजून," म्हणाली.

एवढ्या तीन-चार शब्दांनी मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

सोप्यात पाट मांडलेला होता, समोर ताट पालथं घातलेलं. पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक गजांची खिडकी होती, आणि तिच्यातून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. पिवळं, चौकोनी, साधारण सुपाएवढं. त्याच्या कडेला भिंतीत एक खिळा होता. त्या खिळ्याला काही अडकवलेलं नव्हतं. भिंतीच्या पायथ्याशी सामान लावून ठेवलेलं होतं: पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, एका फौजी माणसाचा हिरवा होल्डॉल.

"तुमचं सामान?" बाईनं विचारलं.

"स्टेशनवर ठेवलंय."

"ऱ्हाऊ द्या. कुनीतरी आनंल."

आई हातपाय धुऊन पाटावर बसली. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दही, मेथीची भाजी. आईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला तिच्या चेहऱ्यावर रक्त परत येताना दिसलं, खरंच दिसलं.

"तुमी बसा की," बाई मला म्हणाली.

मी ओशाळलो. "मी... कांदा खाल्लाय. पंगतीला नको."

आईनं मान न वळवता माझ्याकडे बघितलं, ते ती कसं करायची कोण जाणे. बाईनं मला पितळी पेल्यात पाणी दिलं. दोन घोट घेतले. पाणी गार आणि गोड होतं. तेवढ्यात आईनं हाक मारली, "वर्धमान, माझी गोळी दे," म्हणून अर्धा पेला तसाच कोनाड्यात ठेवून मी पिशवी उघडली.

"नाव काय तुमचं?" आईनं बाईला विचारलं.

"हरणाबाई."

"गाव कंचं?"

हरणाबाईनं भाकरी वाढली. "आता हेच की," ती म्हणाली.

४

मी ट्रंकेवर टेकून बसलो. पोटात अन्न गेलेल्या आईला बघणं हेच मला सुख होतं. हरणाबाई आत जाई, भाकरी आणी, वाढी. आतल्या खोलीतून ताटवाट्यांचे आवाज येत होते. बरीच माणसं जेवत असावीत, पण बोलत कुणीच नव्हतं. आमच्यात काही लोक मौनानं जेवतात. मी त्याचंही काही वाटून घेतलं नाही.

मग कुठूनतरी सिनेमाच्या टुरिंग टॉकीजचा कर्णा लागला. खेळाआधी लावतात तशी गाणी. मला वाटलं, आज लवकर लावला. तंबूत खेळ अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घड्याळात बघितलं. आठ वाजायला आले होते.

घड्याळ कानाला लावलं. चालत होतं. बोटीत खारं वारं लागलं असेल, पुढे पळालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुकानदार माणूस मी, दिसेल त्यावर विश्वास ठेवतो, आणि समोर भिंतीवर ऊन स्वच्छ दिसत होतं. खिळ्याच्या अगदी कडेला. आम्ही आलो तेव्हाही ते खिळ्याच्या कडेलाच होतं.

त्यानंतर मी त्या खिळ्यावरची नजर काढली नाही. मावळतीचं ऊन किती भराभर वर सरकतं, हे दुकानात बसून मी रोज बघतो. हे सरकत नव्हतं.

"आई, आटप आता," मी म्हणालो.

"खाऊ दे रं. लय दिसांनी आसं जेवतीय."

आई घरी एक भाकरी कशीबशी संपवते. इथं तिच्यापुढे कितवी होती ते मला सांगता आलं नसतं. ताट संपत आलं की हरणाबाई येई आणि वाढी, आणि वाढलेलं टाकायचं नाही म्हणून आई ते खाई. "सावकाश," हरणाबाई म्हणे. "दिस हाय अजून."

पाणी हवं असं निमित्त करून मी उठलो आणि आतल्या दाराशी गेलो. दार लोटलेलं होतं. फटीतून मला पंगत दिसली. माणसं पाठमोरी बसली होती, पाटाला पाट लावून, लांबवर. इतकी लांब खोली त्या घरात मावणार कशी, हा विचार मला नंतर आला. टोप्या, पदर, एक लाल पागोटं, एक खाकी शर्ट. सगळ्यांची तोंडं पलीकडच्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीवर तसंच पिवळं ऊन. त्यांचे उजवे हात ताटातून तोंडाकडे जात होते, परत येत होते. सावल्या त्यांच्या पाठीमागे, दाराच्या दिशेनं, माझ्या पायापर्यंत लांबल्या होत्या.

हात हलत होते. सावल्या हलत नव्हत्या.

मी बराच वेळ बघत राहिलो असेन, कारण माझी चूक होत असावी असं मला फार वाटत होतं. एकही सावली हलली नाही.

५

मी वळून आईकडे बघितलं. तिची सावली पाटामागे जमिनीवर पडली होती. आईनं घास उचलला. सावलीनंही उचलला, पण आई तो चावायला लागल्यावर.

तेव्हा मला भीती वाटली. त्याआधीची भीती ही भीतीच नव्हती.

"आई, ऊठ. गाडी चुकेल."

"ताट पुरं करते अन् येते."

"दिवस मावळलाय, आई."

ती हसली. घासाच्या हातानंच तिनं भिंत दाखवली. "त्ये काय मग? येडा हाईस का?"

तिला धरून ओढता आलं असतं. पण ती उठली नसती. मोडली असती, उठली नसती. नेमाच्या बाईला एकच गोष्ट उठवू शकत होती. मी वर खिडकीकडे बघितलं. गजांपलीकडे काळोख होता. मी समोरच्या भिंतीपाशी गेलो आणि उन्हाच्या मधोमध पंजा टेकवला.

ऊन माझ्या हातावर पडलं नाही. हात काळाच राहिला, आणि बोटांच्या फटींतून भिंत पिवळी दिसत राहिली. भिंत थंड होती, रात्री असते तशी.

"आई, बघ."

आईनं बघितलं. तिचा घास तोंडाशी आला होता, तो तिथंच थांबला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग हळूच वर खिडकीकडे. मी त्या वेळचा तिचा चेहरा विसरायचा प्रयत्न केला आहे. साठ वर्षं सांभाळलेली गोष्ट हातातून खाली पडल्याचा चेहरा होता तो. तिनं घास ताटात ठेवला, हात जोडले आणि "त्याग," असं म्हणाली. रोज दिवस असताना जेवण संपवून ती म्हणायची, तसंच.

मी तिला धरून उठवलं. हरणाबाई आतल्या दारात उभी होती. ती रागावली नव्हती, अडवायला आली नाही. तिला आमची थोडी कीव आली असावी असं मला वाटलं.

"ताटात अर्दी भाकरी ऱ्हायलीय," ती म्हणाली. "झाकून ठेवते."

आईची पावलं थबकली. मी तिला उंबऱ्याबाहेर काढलं. ढिगातून तिच्या चपला शोधायला मी वाकलो नाही. बाहेर पूर्ण अंधार होता, म्युनिसिपालिटीचे दिवे लागले होते, कर्ण्यावरची गाणी थांबून सिनेमाचा आवाज येत होता. आई बोळातून अनवाणी चालली. मागं वळून मी बघितलं नाही, तिनंही नाही.

गाडीत बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मी बसले तवा दिस हुता न्हवं?"

"होता," मी म्हणालो. तो खरंच होता का, मला माहीत नाही.

"अन् ताट तसंच टाकलं मी."

"आई, ते जाऊ दे."

"पहिल्यांदाच टाकलं," ती म्हणाली, आणि कऱ्हाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

६

त्यानंतर आईनं संध्याकाळचं जेवण सोडलं. दुपारी एकदाच जेवायची, तेही आधी दारात जाऊन, डोक्यावर सूर्य आहे हे बघून. बायकोला, त्रिशलाला, मी सगळं सांगितलं नाही. मिरजेत आईला दगदग झाली, एवढंच सांगितलं. पश्चिमेच्या खिडकीला तिनं एक जाड पडदा शिवून घेतला, तो माझ्याच दुकानातल्या कापडाचा.

पुढच्या दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर येऊन गेले, बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अन्न तिनं आपण होऊन बंद केलं होतं. शेवटच्या दिवशी तिन्हीसांजेला त्रिशलानं आत दिवा लावला आणि आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो. आई शांत होती. मला वाटलं, झोप लागली.

मग तिचा उजवा हात गोधडीवरून उठला. बोटं जुळलेली, घास धरल्यासारखी. हात तोंडापर्यंत गेला, ओठ हलले, हात खाली आला. पुन्हा उठला.

"जेवतायत," त्रिशला म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मनात हुतं बगा त्यांच्या. आपन बळं करून चारायला पायजे हुतं."

मी भिंतीकडे बघितलं. बघणार नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. दिव्यामुळे आईची सावली भिंतीवर पडली होती, उशी, नाक, कपाळ, सगळं स्पष्ट. आईचा हात वर जात होता आणि खाली येत होता. भिंतीवर काहीच हलत नव्हतं.

"आई," मी तिच्या कानाशी म्हणालो, "चल, ऊठ तिथनं."

तिनं डोळे उघडले. खूप दिवसांनी तिच्या डोळ्यांत समाधान दिसलं. "झालंच," ती म्हणाली. "एवढी अर्दी संपवते. दिस हाय अजून."

थोड्या वेळानं हात उठायचा थांबला. त्रिशलानं गल्लीतल्या बायकांना बोलावलं, मी बस्तीत निरोप पाठवला, आणि जे करायचं असतं ते सगळं रीतीनं झालं. आईला टाकून उठल्याची टोचणी लागली होती, ती तिनं स्वतःच मिटवली, असंच मी मानायचं ठरवलं. ती ताट टाकणारी बाई नव्हती, आणि तिच्यापुरता हिशेब पुरा झाला.

सगळे गेल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. माठातून पेला भरला, तोंडाला लावला, आणि मला मिरजेच्या त्या सोप्यातला कोनाडा आठवला. तिथं मी अर्धा पेला तसाच ठेवून आलो होतो.